दोनशे अडतीस अंशांचा बैल

मला एक सांगा. भजी तळायचं तेल असतं ना, त्याच्यापेक्षाही जास्त तापलेलं डोकं घेऊन कुणी दाराशी उभं राहील, आणि वर म्हणेल, "वैजू, तू छत्री विसरली आहेस"?

हौशा म्हणाला. आणि नेमक्या त्याच वेळी काळमेघ मॅडमच्या हातातल्या पडद्यावर लाल अक्षरं उमटली होती : मेंदूचं सरासरी तापमान दोनशे अडतीस अंश. यंत्र धोकादायक. वितळवण्यासाठी रवाना करावं.

मी छत्री घेतली नाही. शाळेतही गेले नाही. दप्तर ओसरीवर आपटलं आणि हौशाच्या पुढच्या पायाला पाठ लावून खाली बसले. आता उचला म्हणावं त्याला.

हौशा म्हणजे आमच्या सालईखेड्याचा यंत्रबैल. चार पाय, पाठीवर दोन मोठे कप्पे, आणि मेंदू म्हणजे त्याचा संगणक, उजव्या खांद्यात. डोक्यात का नाही, असं मी लहानपणी विचारलं होतं, तर आबाजी म्हणाले होते की डोकं सगळ्यात आधी आपटतं म्हणून. आमचं गाव मेळघाटातल्या पठारावर, आणि पावसाळ्यात घाटाचा रस्ता वरचेवर खचतो. मग खालून लसी, औषधं, बॅटऱ्या, पुस्तकं, सगळं हौशाच घेऊन येतो. माझी आई उपकेंद्रात नर्स आहे. मागच्या पावसाळ्यात सापाच्या विषावरचं औषध हौशानंच आणलं होतं. ज्याला ते टोचलं तो मुलगा आज माझ्या शेजारी बसतो आणि माझी वही बघून गणितं उतरवतो.

"नवा बैल कधी येईल?" आईनं विचारलं.

"पुढच्या वर्षी," काळमेघ मॅडम म्हणाल्या. त्या अमरावतीहून यंत्रं तपासायला आल्या होत्या. सोबत ट्रक होता आणि ट्रकचे चालक गुलाबभाऊ. "ताई, मी काही खुशीनं आले नाही. पण उद्या घाटात याचा मेंदू पेटला आणि तुमची औषधं याच्या पाठीवर असली, तर? शिवाय याचा वेगही मंदावलाय. सकाळी तर फारच."

ते मात्र खरं होतं. गेले काही दिवस हौशा सकाळी असा चालायचा की मीच त्याला ढिम्म्या म्हणायला लागले होते. मला आता स्वतःचाच राग आला.

"माझ्या नोंदीनुसार मी सकाळी पेटलेलो असतो," हौशा म्हणाला. "दुपारी पेटलेला नसतो. मला मात्र दोन्ही वेळा सारखंच वाटतं."

"ऐकलंत?" आतून आबाजी आले. आबाजी म्हणजे माझे आजोबा. हवामानाचा अंदाज करणाऱ्या मोठमोठ्या संगणकांवर त्यांनी जन्म काढला, आणि आता निवृत्त होऊन आईच्या मिक्सरपासून शाळेच्या घंटेपर्यंत सगळं दुरुस्त करत असतात, कुणी सांगितलं असो वा नसो. "सकाळी पेटतो अन् दुपारी विझतो. असा कोणता ताप असतो बापा? मॅडम, दोनशे अडतीस अंशांना आतल्या जोडांचं कथील वितळतं. याचा मेंदू ओघळून एव्हाना खुरापर्यंत यायला पाहिजे होता. कच्च्या नोंदी दाखवता का?"

मॅडमनी बाहेर पाहिलं. घाटावर धुकं इतकं होतं की समोरचा हापसा दिसत नव्हता. "धुकं निवळेपर्यंत ट्रक खाली नेता येणार नाही," त्या म्हणाल्या. "तोवर बघा. पण धुकं गेलं की मी निघाले."

त्यांनी नोंदी आमच्या घरच्या संगणकावर पाठवल्या. आईनं मॅडमना, गुलाबभाऊंना आणि आबाजींना आमच्या परसातली कॉफी करून दिली. आबाजींनी मला हाताला धरून उठवलं.

"रुसून बैल वाचत नसतो. चल आत."

पडद्यावर आकड्यांच्या ओळीच ओळी होत्या. वर बघितलं तरी आकडे, खाली बघितलं तरी आकडे. मी म्हटलं, हे काय भलतंच.

"हा हौशाचा लॉग (यंत्रानं स्वतःबद्दल स्वतःच लिहिलेली रोजनिशी)," आबाजी म्हणाले. "आपण लिहितो, आज पोट दुखलं, आज कंटाळा आला. यंत्र आकड्यांत लिहितं. दर मिनिटाला एक ओळ. ही एक वाच."

मी वाचली : ०६:१४, ३१, ९९९, ४.०

"काही कळलं?"

"सकाळचे सव्वासहा. पुढचं नाही कळलं."

"पहिला तुकडा वेळ. दुसरा मेंदूवरचा भार, म्हणजे शंभरातला किती हिस्सा कामात गुंतलाय. तिसरा तापमान. चौथा, एखादी गोष्ट समजून पाऊल उचलायला किती सेकंद लागले. अशी गुंतलेली ओळ सोडवायची, तिचे तुकडे करायचे आणि कुठला तुकडा कशाचा ते ओळखायचं, याला पार्सिंग म्हणतात. तू एक ओळ सोडवलीस. आता अशा काही हजार सोडव."

"धुकं जाईपर्यंत? आबाजी, मी काय भूत आहे?"

"भूत नाही, पण संगणक आहे ना समोर. त्याला कंटाळा येत नाही. त्याला स्क्रिप्ट (एकामागून एक करायच्या कामांच्या लेखी सूचना) लिहून दे."

स्क्रिप्ट लिहायला आम्हाला सहावीतच शिकवलंय. शाळेत मी तिच्याकडून फुलांच्या रांगोळ्या काढून घेतल्या होत्या. इथे मी लिहिलं : लॉग उघड. एकेक ओळ घे. स्वल्पविराम दिसेल तिथे तोड. तिसरा तुकडा उचल. सगळ्यांची बेरीज कर. ओळींच्या संख्येनं भाग.

स्क्रिप्ट चालवली. ती दोन क्षण धावली आणि धाडकन थांबली. एका ओळीपाशी अडली होती. ती ओळ अशी होती : ०९:४

बस, एवढीच.

आबाजी हसले. मला हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. "तू त्याला म्हणालीस, तिसरा तुकडा उचल. इथे दुसराही तुकडा नाही. मग तो बिचारा काय उचलेल, तुझं डोकं?"

"पण हौशानं अर्धीच ओळ का लिहिली?"

"लिहिता लिहिता घसरला असेल. बॅटरी संपली असेल. रोजनिशी लिहिताना तुलाही झोप लागते. तुझी आई डाळ शिजवायच्या आधी काय करते?"

"निवडते."

"काहून निवडते? दुकानदारावर भरवसा नाही म्हणून?"

"भरवसा असला तरी निवडते. खडा दाताखाली आल्यावर कळून काय उपयोग?"

"मंग झालं तर. हिशेबाआधी ओळ निवडायची. यालाच व्हॅलिडेशन (पडताळणी, म्हणजे नोंद वापरण्याजोगी आहे का हे आधी पाहणं) म्हणतात. आता तू सांग, ओळीला काय काय विचारशील?"

मी विचार केला. आधी विचारीन, बाई, तुझे चारही तुकडे जागेवर आहेत का? मग, तापमानाच्या जागी खरंच आकडा आहे का? मग, तुझी वेळ मागच्या ओळीच्या पुढची आहे का, की घड्याळ उलटं चालतंय?

"आणि?" आबाजी म्हणाले.

"आणि काय? झालं की."

"तुझी उंची चार फूट. तुझ्या तीन मैत्रिणी, त्याही चार चार फूट. त्यांच्या शेजारी शाळेमागचा साग उभा कर, चव्वेचाळीस फुटी. पाचांची सरासरी काढ."

मी बोटांवर केली. सोळा आणि चव्वेचाळीस, साठ. भागिले पाच. "बारा फूट."

"म्हणजे सालईखेड्याच्या मुली बारा फुटी. वर्गाचं दार वाढवावं लागेल आता."

मला एकदम उजेड पडला. मी परत त्या सव्वासहाच्या ओळीकडे गेले. तापमान ९९९. नऊशे नव्व्याण्णव अंश! एवढं तर लोहाराच्या भट्टीत असतं. हा आकडा साग होता. पोरींच्या रांगेत घुसलेला साग.

"आता कळलं. आकडा आहे, पण तो होऊच शकत नाही," मी म्हटलं. "म्हणून चौथा प्रश्न. तुझं तापमान शक्य तरी आहे का? पाण्याला उकळी फुटते त्याच्या पुढचा आकडा आला तर ती ओळ बाद."

स्क्रिप्टमध्ये चारही प्रश्न घातले आणि चालवली. या वेळी ती कुठेही अडली नाही. शेवटी एकच आकडा आला : अठ्ठेचाळीस.

अठ्ठेचाळीस अंश म्हणजे काम करणाऱ्या संगणकाला काहीच नाही. मी आबाजींचा धक्का लागून सांडलेली कॉफीसुद्धा पुसली नाही, तशीच ओसरीवर धावले.

"मॅडम, दोनशे अडतीस नाहीच मुळी. तुमच्या दर पाच ओळींत एक ओळ नऊशे नव्व्याण्णवची होती. ती काढली की अठ्ठेचाळीस. हवं तर करून बघा."

काळमेघ मॅडमनी खरंच करून बघितलं. चार वेळा अठ्ठेचाळीस, एक वेळा नऊशे नव्व्याण्णव, भागिले पाच. दोनशे अडतीस. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

आबाजी मागून आले. "जुन्या यंत्रांची ती रीत होती मॅडम. मोजता आलं नाही की जागा रिकामी न ठेवता ९९९ लिहायचं. वाचणाऱ्यानं समजून घ्यायचं की हे तापमान नाही, 'दिसलं नाही' असं सांगणं आहे. नवी यंत्रं जागा रिकामी सोडतात. तुमची स्क्रिप्ट नव्या यंत्रांसाठी लिहिलेली दिसते."

"हो," मॅडम म्हणाल्या. "तिनं ९९९ हा खराच आकडा धरला." मग त्या माझ्याकडे वळल्या. "हुशार आहेस. पण मला एक सांग. तुला नको असलेल्या ओळी तू काढून टाकल्यास आणि हवं ते उत्तर आलं. असं मी कुठल्याही यंत्राचं करू शकते. 'दिसलं नाही' हे मान्य. पण का दिसलं नाही? आणि तो सकाळी मंद का होतो? हे कळल्याशिवाय मी याला घाटात कशी सोडू?"

मला त्यांचा भयंकर राग आला. तरी त्यांचं म्हणणं बरोबर होतं आणि त्यामुळे तर आणखीच आला. त्यात समोरचा हापसा आता धुक्यातून धूसर दिसायला लागला होता.

आत गेल्यावर आबाजींनी विचारलं, "बाद केलेल्या ओळी कुठे आहेत?"

"कुठे म्हणजे? टाकून दिल्या."

"खडे फेकलेस? अगं पोट्टे, खडे बघूनच तर कळतं की डाळ कोणत्या दुकानातली! खराब ओळ खोटी असते, पण मुकी नसते. वेगळ्या ताटलीत ठेव तिला, आणि काहून बाद केली तेही शेजारी लिही."

मी स्क्रिप्टमध्ये एक ओळ वाढवली : बाद नोंद टाकू नकोस, वेगळ्या फाइलमध्ये ठेव, सोबत कारण लिही. परत चालवली. आता दोन ताटल्या झाल्या. एकीत निवडलेली डाळ, दुसरीत खडे. अर्ध्या ओळी अगदी थोड्या होत्या आणि कुठेही विखुरलेल्या होत्या. पण ९९९वाल्या ओळी! त्या रांगेनं, शिस्तीत बसल्या होत्या.

"आबाजी, हे सगळे सकाळचे आहेत. हौशा उठल्यापासून अंग गरम होईपर्यंत. मग एकही नाही. मग तो घाटाच्या पायथ्याशी खूप वेळ थांबला असेल, तर तिथून निघताना पुन्हा थोडे. परत चालायला लागला की गायब."

"म्हणजे?"

"म्हणजे हौशा थंड असतो तेव्हाच नोंद सांगते की तो पेटलाय. गरम झाला की नोंद बरोबर येते."

"आणि चौथा तुकडा बघ."

बघितला. जिथे जिथे ९९९, तिथे तिथे पाऊल उचलायला चार सेकंद. बाकी ठिकाणी अर्धासुद्धा नाही. आबाजी म्हणाले की प्रत्येक संगणकाला स्वतःला जपायची सवय लावलेली असते. फार तापला की तो मुद्दाम सावकाश विचार करतो, म्हणजे थंड होतो.

मी खिडकीतून ओरडले, "हौशा, तू ९९९ बघून घाबरून हळू चालतोस का?"

"मी घाबरत नाही," हौशा म्हणाला. "तापमान जास्त असेल तर सावकाश चालावं असा नियम आहे. नऊशे नव्व्याण्णव हे जास्त आहे."

म्हणजे मॅडमच्या स्क्रिप्टनं जी चूक केली, तीच हौशानं स्वतःच्या बाबतीत केली होती. आपला ताप पाहायला थर्मामीटर लावावा, ते बिघडलेलं असावं, आणि आपण पांघरूण घेऊन झोपून राहावं, तसं.

आता राहिला एकच प्रश्न. हौशाच्या तापमानाच्या डोळ्याला थंडीत का दिसत नाही? हा डोळा कसा चालतो ते आबाजींनी कागदावर चित्र काढून दाखवलं. खांद्यात मेंदूला चिकटवलेली एक टिकली असते. मेंदू तापेल तसा तिचा रंग बदलतो. टिकलीसमोर एक बारीक डोळा बसवलेला असतो. तो रंग बघतो आणि त्यावरून अंश सांगतो.

"पहिला खडा कधीचा?" आबाजींनी विचारलं.

मी त्या दिवसाच्या लॉगच्या नावातली तारीख पाहिली. "पोळ्याच्या दिवशी सकाळचा. त्याच्याआधी एकही नाही."

"पोळ्याला काय काय केलं आपण? शिंगं रंगवली. झूल घातली. शिंगांचा रंग उडाला असेल डोळ्यावर."

आम्ही बाहेर जाऊन पाहिलं. खांद्याच्या जाळीवर रंगाचा ठिपकासुद्धा नव्हता. गुलाबभाऊंनी ट्रकचं मागचं फळकूट खाली पाडलं. हापसा आता स्वच्छ दिसत होता, आणि हापशापलीकडची शाळाही.

"जेवून घ्या," आईनं हाक मारली. मला जेवणात वेळ घालवायचा नव्हता. तरी बसले. आईनं सगळ्यांना गरम वरणभात वाढला आणि आबाजींनी बरणीतून स्वतःच तुपाचा चमचा घेतला. आमच्याकडे पठारावर पावसाळ्यात तूप घट्टच असतं. पांढरा गोळा त्यांच्या भातावर बसला. मी नुसती बघत होते, कारण दुसरं करायला काही नव्हतं. गोळा कडेनं विरघळला, पसरला, आणि बघता बघता असा पारदर्शक झाला की त्याच्याखालची भाताची शितं मोजता यावीत.

मी माझं ताट सरकवलं.

"आबाजी."

"हं."

"थंड असताना पडदा, गरम झालं की आरपार."

"काय म्हणतेस?"

"खांदेमळणीला तुम्ही हौशाच्या खांद्याला काय लावलं होतं?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळण करतात. वर्षभर ज्या खांद्यांनी ओझं ओढलं, त्यांना हळद आणि तूप लावून, पळसाच्या पानांनी चोळायचं, आणि बैलाला जेवणाचं आमंत्रण द्यायचं. आमच्या गावात आता एकच बैल आहे आणि तो लोखंडाचा आहे. म्हणून काय झालं? आबाजींच्या वडिलांनी जे केलं ते आबाजी करणारच. पूर्वी ते नुसतं बोट टेकवत. यंदा मात्र सापाच्या औषधाची आठवण ठेवून त्यांनी अख्खी वाटी रिकामी केली होती, आणि हौशाचे दोन्ही खांदे मनापासून चोळले होते.

आबाजींचा घास हातातच राहिला. आयुष्यभर संगणकांवर काम केलेला माणूस. मी त्यांच्याकडे बघत होते, आई त्यांच्याकडे बघत होती, आणि काळमेघ मॅडम ताटाकडे बघून हसू दाबत होत्या.

"हळद जाळीवरच अडकली असेल," आबाजी हळूच म्हणाले. "पुसली तेव्हा गेली. तूप मात्र आत झिरपलं."

कुणी हातसुद्धा धड धुतले नाहीत. आबाजींनी हौशाच्या खांद्याचं झाकण उघडलं. टिकली आणि डोळा यांच्यामधल्या बोटभर जागेत पांढरंशुभ्र तूप थिजून बसलं होतं. मॅडमनी नखावर थोडं घेतलं आणि वास घेतला.

"साजूक आहे," त्या म्हणाल्या.

"घरचं आहे," आबाजी पुटपुटले.

आईनं कापूस आणला, गरम पाण्याचं भांडं आणलं. मी टिकली पुसली, डोळा पुसला, जाळी पुसली. मग झाकण लावलं आणि धावत आत जाऊन नवी ओळ बघितली. तापमानाच्या जागी चोवीस लिहिलं होतं. थंडगार हौशाचं, थंडगार दिवसाचं, खरंखुरं चोवीस. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

"अजून एक बाकी आहे," काळमेघ मॅडम म्हणाल्या. "उभं राहून चोवीस कुणालाही जमेल. ओझं ओढताना काय होतं ते मला बघायचंय."

त्याची सोय गुलाबभाऊंनी केली. धुकं निवळलं म्हणून त्यांनी ट्रक वळवायला घेतला, आणि शाळेपुढच्या वळणावर मागची दोन्ही चाकं चिखलात रुतली. गुलाबभाऊंनी जोर लावला तशी ती आणखी खाली गेली. ते उतरले आणि डोक्याला हात लावून म्हणाले, "झालं, आता इथेच मुक्काम."

मी हौशाकडे पाहिलं. आबाजींनी हौशाकडे पाहिलं. मॅडमनी पडदा हातात घेतला, आणि स्वतःची नाही, माझी स्क्रिप्ट त्यावर लावली.

"जोडा," त्या म्हणाल्या.

ज्या ट्रकमधून हौशाला वितळवायला न्यायचं होतं, त्याच ट्रकचा साखळदंड हौशाच्या खांद्यांना जोडला. शाळा सुटली होती, सगळी पोरं धावत आली, माझी गणितं उतरवणाराही आला. हौशानं पुढचे पाय रोवले. चिखल चुबुक चुबुक वाजला.

"एकतीस," मॅडम वाचत होत्या. "अडतीस. चव्वेचाळीस. ओळी सगळ्या स्वच्छ आहेत. खडा नाही."

ट्रक हलला नाही. हौशाच्या सांध्यांतून घरघर ऐकू यायला लागली.

"एक्कावन्न. पंचावन्न."

मी मनात म्हणत होते, साठाच्या पुढे जाऊ नकोस रे बाबा, तिथे तुझा सावकाश चालायचा नियम लागतो. आबाजींचं बोट माझ्या खांद्यात रुतलं होतं.

"सत्तावन्न. सत्तावन्न. सत्तावन्नच. पाऊल उचलायला अर्ध्या सेकंदाच्या आत. बाई गं, हा तर माझ्या नव्या बैलांपेक्षा चांगला आहे."

मग चिखलानं एक मोठा उसासा सोडला आणि ट्रक असा भसकन वर आला की गुलाबभाऊ बाजूला उडी मारताना पडलेच. पोरांनी जो आरडाओरडा केला तो घाटाखाली ऐकू गेला असेल. हौशा चार पावलं पुढे गेला, थांबला आणि मान वळवून म्हणाला, "माझ्या नोंदीनुसार मी पेटलेलो नाही."

"नाहीस रे राजा," आबाजी म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. पण तूप नको, म्हणून त्यांनी त्याच्या खांद्यावर कोरडाच हात ठेवला.

मॅडमनी लाल अक्षरं पुसली. पण त्यांचं लक्ष हौशाकडे नव्हतं. त्या पडद्यावर भराभर काहीतरी शोधत होत्या.

"माझ्या यादीत आणखी अकरा बैल आहेत," त्या म्हणाल्या. "डोंगरातल्या गावांतले. सगळ्यांचा आजार हाच. सकाळी ताप, सकाळी मंद. मला वाटलं होतं, जुनं मॉडेल, एकदम म्हातारं झालं. आता बघते तर सगळ्यांचा पहिला खडा पोळ्याचाच. मागच्या पावसाळ्यात रस्ते खचले तेव्हा सगळ्याच गावांना बैलांनी तारलं, म्हणून यंदा सगळ्यांनीच वाटीभर तूप लावलं असणार. वैजयंती, तुझी स्क्रिप्ट मला देशील?"

अख्ख्या नावानं हाक मारली त्यांनी मला. मी म्हटलं, देईन, पण एका अटीवर. बाद ओळींची ताटली फेकायची नाही. त्यांनी तिथेच उभं राहून अकराही गावांना फोन लावले. "बैल वितळवायला पाठवू नका," त्या एकेकाला सांगत होत्या, "आधी खांदा उघडा आणि तूप आहे का बघा." पलीकडून काय उत्तर येत होतं ते कळत नव्हतं. पण दर वेळी मॅडम हसत होत्या.

ट्रक त्या दिवशी रिकामाच घाट उतरला. त्याच्यापुढे रस्ता दाखवायला हौशा गेला आणि येताना आईच्या लसींची पेटी घेऊन आला. त्या फेरीच्या ओळी मी स्वतः निवडल्या. खडा एकही नव्हता.

आता सगळ्या यंत्रबैलांच्या खांद्यावर रबराचं घट्ट झाकण बसलंय, आणि ९९९ दिसलं तर घाबरून मंद व्हायचं नाही, माणसाला विचारायचं, हे त्यांना शिकवलंय. स्क्रिप्टला सगळे 'वैजूची चाळणी' म्हणतात. तिला आता मी आणखी प्रश्न शिकवतेय. उद्या दवाखान्याच्या यंत्रांना, धरणाच्या दारांना, पावसाच्या अंदाजालाही कुणीतरी विचारायला हवं ना, की बाई, तुझा आकडा शक्य तरी आहे का?

मग पुढचा पोळा आला. आदल्या संध्याकाळी आबाजींनी पुन्हा तुपाची वाटी घेतली. आईनं डोळे वटारले. आबाजींनी आधी झाकण दोनदा दाबून पाहिलं, मग पळसाची पानं तुपात बुडवली आणि हौशाचे खांदे चोळत म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

"किती वाजता?" हौशानं विचारलं.

"अन् येताना मित्रांनाही आण," मी म्हटलं.

तो ते विसरला नाही. यंत्राला सांगितलेलं यंत्र विसरत नाही. पोळ्याला बैल तोरणाखाली उभे करतात; ते तोडलं की पोळा फुटतो आणि बैल घरोघरी जेवायला निघतात. दुसऱ्या दिवशी त्या तोरणाखाली आमच्या गावात पहिल्यांदा एका बैलाऐवजी बारा बैल उभे होते. अकरा गावांचे अकरा, झुली घातलेले, शिंगं रंगवलेले, आणि प्रत्येकाच्या उजव्या खांद्यावर तुपाची चकाकी. काळमेघ मॅडमनी माझ्या हातात पडदा दिला. बारा बैलांच्या बारा ओळी एकाखाली एक उमटल्या. मी सगळ्या वाचल्या. सगळ्या खऱ्या होत्या.

मग आबाजींनी तोरण तोडलं आणि पोळा फुटला.